विश्लेषण : बीसीजी लशीतील ‘जी’ म्हणजे कोण? जनावरांच्या डॉक्टरची १३ वर्षांची चिकाटी

डाव्या दंडावरचा लहानसा गोल व्रण ही बहुतेक भारतीयांच्या अंगावरची बीसीजी लशीची खूण. क्षयरोगावरील या लशीच्या नावातील ‘बी’ म्हणजे बॅसिलस (जंतू), ‘सी’ म्हणजे आल्बेर काल्मेत आणि ‘जी’ म्हणजे कामीय गेरॅं. काल्मेत माणसांचे डॉक्टर होते, तर गेरॅं जनावरांचे. बाळांना वाचवणाऱ्या लशीमागे एक पशुवैद्यक कसा, हे समजून घेण्यासारखे आहे.

कामीय गेरॅं कोण होते?

गेरॅं यांचा जन्म २२ डिसेंबर १८७२ रोजी फ्रान्समधील प्वातिए येथे, बेताच्या परिस्थितीतील कुटुंबात झाला. ते दहा वर्षांचेही नव्हते तेव्हा, १८८२ मध्ये, वडील क्षयाने गेले. १८९२ ते १८९६ या काळात त्यांनी पॅरिसजवळच्या आल्फोर पशुवैद्यकीय विद्यालयात शिक्षण घेतले. तेथे शिकतानाच ते प्राध्यापक एदमाँ नोकार यांचे साहाय्यक झाले. नोकार हे जनावरांतील क्षयाचे मोठे अभ्यासक. पदवीनंतर गेरॅं यांनी गोठ्याऐवजी प्रयोगशाळेची वाट धरली. १८९७ मध्ये ते लील शहरातील पाश्चर संस्थेत काल्मेत यांच्याकडे रुजू झाले. सर्पदंशावरील प्रतिविष आणि देवीची लस तयार करणे हे त्यांचे सुरुवातीचे काम होते.

गाईच्या क्षयाचा माणसाशी काय संबंध?

गाईंना क्षय होतो आणि रोगी गाईचे कच्चे दूध प्यायल्यास तो माणसालाही होऊ शकतो. त्या काळी युरोपात अनेक मुले अशी आजारी पडत. त्यामुळे हा प्रश्न गोठ्यापुरता नव्हता. १९०५ च्या सुमारास काल्मेत आणि गेरॅं यांच्या वासरांवरील प्रयोगांतून एक गोष्ट पुढे आली. क्षीण झालेले जिवंत जंतू पोटात गेल्यावरही जे वासरू तगले, ते पुढच्या संसर्गाला सहजासहजी बळी पडत नव्हते. आता शोध होता तो कायमचा दुबळा राहील अशा जंतूचा.

जंतू दुबळा कसा झाला?

नोकार यांनी क्षयग्रस्त गाईच्या दुधातून वेगळा केलेला जंतू दोघांनी निवडला. क्षयाच्या जंतूंच्या गुठळ्या होतात. त्या टाळण्यासाठी त्यांनी ग्लिसरीन लावलेल्या बटाट्यावरील वाढमाध्यमात बैलाचे पित्त मिसळले. गुठळ्या कमी झाल्याच, शिवाय जंतूचा जोरही ओसरू लागला. १९०८ पासून दर तीन आठवड्यांनी जंतू नव्या माध्यमावर हलवण्याचे काम सुरू झाले. ते १३ वर्षे चालले आणि असे २३० फेरे झाले.

मधल्या काळात पहिले महायुद्ध पेटले. लील जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले आणि गाईगुरांवरील नियोजित लसचाचणी थांबली. बटाटे महागले, पित्त मिळेना. अखेर जर्मन लष्करातील पशुवैद्यकांच्या मदतीने पित्त मिळाले आणि काम चालू राहिले. १९१८ मध्ये गेरॅं यांची पत्नीही क्षयाने दगावली. लस तेव्हा तयार नव्हती.

इतक्या प्राण्यांवर चाचण्या का?

गिनी पिगला अगदी थोड्या जंतूंनीही क्षय होतो. ससा गाईच्या क्षयजंतूला लवकर बळी पडतो. एका प्राण्यात निरुपद्रवी ठरलेला जंतू दुसऱ्यात घातक ठरू शकतो, म्हणून गिनी पिग, ससे आणि गुरे या सगळ्यांत तो तपासावा लागला. या चाचण्यांत प्राण्यांना मुद्दाम रोग दिला जाई आणि त्यात ते मरतही. ही किंमत मोठी होती. पण ही पायरी गाळली तर काय होते, हे पुढे दिसलेच.

माणसापर्यंत लस कधी पोहोचली?

१९२१ मध्ये पॅरिसमध्ये एका नवजात बाळाला ही लस तोंडावाटे देण्यात आली. बाळाची आई प्रसूतीनंतर लगेच क्षयाने गेली होती आणि ज्या आजीकडे ते वाढणार होते, तिलाही क्षय होता. बाळाला रोग झाला नाही. त्यानंतर लशीचा वापर वाढत गेला.

ल्युबेकमध्ये काय घडले?

१९३० मध्ये जर्मनीतील ल्युबेक शहरात सुमारे २५० बाळांना लस दिली गेली आणि त्यांपैकी ७२ दगावली. पॅरिसहून गेलेला मूळ जंतू निर्दोष होता. तेथील प्रयोगशाळेत त्यात क्षयाचे घातक जंतू मिसळले गेले होते आणि बाळांना देण्याआधी लस प्राण्यांवर तपासली गेली नव्हती. न्यायालयाने तेथील दोन डॉक्टरांना दोषी ठरवले. लस निर्दोष ठरली, पण लोकांचा विश्वास परतायला वेळ लागला. काल्मेत १९३३ मध्ये वारले. पुढची धुरा गेरॅं यांनी वाहिली. १९४८ मध्ये पहिल्या आंतरराष्ट्रीय बीसीजी परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी भारतात मद्रासजवळच्या गिंडी येथे बीसीजी लस प्रयोगशाळा सुरू झाली. गेरॅं यांचे ९ जून १९६१ रोजी पॅरिसमध्ये निधन झाले.

आज या लशीचे स्थान काय?

लहान मुलांना मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि शरीरभर पसरणारा क्षय यांपासून बीसीजी चांगले संरक्षण देते. म्हणूनच भारतात ती जन्मानंतर लवकरात लवकर दिली जाते. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयावर मात्र तिचा भरवसा कमी आहे आणि अधिक प्रभावी लशीसाठी संशोधन सुरू आहे. ज्या गुरांवरील अभ्यासातून ती जन्मली, त्यांना मात्र ती सरसकट दिली जात नाही. लस टोचलेली गाय ट्युबरक्युलिन चाचणीत रोगी गाईसारखीच दिसू शकते आणि मग खरी रोगी गाय ओळखणे कठीण होते. गाईंसाठी सुरू झालेले हे काम असे मुलांच्याच अधिक उपयोगी पडले.