कार्थेजची पर्पेतुआ

आजच्या ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरील कार्थेज हे रोमन साम्राज्यातील एक वैभवसंपन्न नगर होते. तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी तेथे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेऊ पाहणाऱ्या काही तरुण-तरुणींना पकडण्यात आले. विबिया पर्पेतुआ ही त्यांपैकीच एक. कुलीन घराण्यातील, सुशिक्षित, सुमारे २२ वर्षांची विवाहिता. पदरी अंगावर पिणारे मूल. तिच्यासोबत फेलिसिटास ही गर्भवती दासीही होती. कारागृहात पर्पेतुआने लॅटिनमध्ये दैनंदिनी लिहिली. ख्रिस्ती स्त्रियांच्या उपलब्ध लेखनांपैकी सर्वांत जुन्या लेखनात तिची गणना होते.

या दैनंदिनीत पतीचा उल्लेख नाही. ती व्यापली आहे वडिलांनी आणि बाळाने. वडील ख्रिस्ती नव्हते आणि सर्व मुलांत त्यांचा जीव हिच्यावरच अधिक होता. ते कधी संतापून अंगावर धावून जात, कधी तिचे हात चुंबून पायांशी लोळण घेत. घागरीला जसे घागरीवाचून दुसरे नाव नाही, तसे आपल्यालाही ख्रिस्ती याखेरीज दुसरे नाव नाही, एवढेच तिने त्यांना सांगितले.

मात्र ती पाषाणहृदयी नव्हती. कारागृहातील काळोखाने ती प्रथम भ्यायली. बाळ भुकेने मलूल झाले होते. ख्रिस्ती मंडळीतील दोघांनी पहारेकऱ्यांना पैसे चारून कैद्यांना थोडा वेळ बऱ्या जागी नेण्याची सोय केली, तेव्हा तिला त्याला पाजता आले. पुढे मूल जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली आणि तोच तुरुंग तिला राजवाड्यासारखा वाटू लागला.

चौकशी हिलारियानस या अधिकाऱ्यापुढे झाली. सम्राटाच्या कल्याणासाठी बली अर्पण करावा, इतकीच मागणी. वडील नातवाला घेऊन तेथेही आले. पर्पेतुआने नकार दिला. वडील विनवणी सोडेनात, तेव्हा अधिकाऱ्याने त्यांना छडीने मारविले. तो मार स्वतःलाच बसल्यासारखा तिला वाटला. शिक्षा ठरली, श्वापदांच्या तोंडी देण्याची. नंतर तिने बाळाला मागविले. वडिलांनी ते दिले नाही.

गर्भवतीला देहदंड देण्यास रोमन कायद्याची मनाई होती. विचित्र दया ही! सोबत्यांमागे एकटीने, परक्या गुन्हेगारांबरोबर मरावे लागेल, हीच फेलिसिटासची चिंता. ती आठव्या महिन्यातच कारागृहात प्रसूत झाली. तिची मुलगी एका ख्रिस्ती स्त्रीने वाढविली.

खेळांच्या आदल्या दिवशी दैनंदिनी थांबते. पुढील वृत्तांत दुसऱ्या हाताचा आहे. ७ मार्च २०३ रोजी, सम्राटपुत्र गेटाच्या वाढदिवसाच्या खेळांत, दोघींवर पिसाळलेली गाय सोडण्यात आली. फेकली गेलेली पर्पेतुआ उठली. तिने फाटलेले वस्त्र सावरले आणि सुटलेले केस बांधले, कारण मोकळे केस शोकाचे चिन्ह मानले जात. मग फेलिसिटासला तिने हात देऊन उभे केले. अखेरीस तलवार आली. नवख्या ग्लॅडिएटरचा पहिला वार हाडावर गेला. त्याचा थरथरणारा हात तिने स्वतःच आपल्या गळ्याशी नेला.

सुमारे दोनशे वर्षांनंतर संत ऑगस्टीन यांनी या दोघींच्या स्मृतिदिनी प्रवचने दिली. कुलीन स्त्री आणि दासी यांचा सण आजही ७ मार्चला एकत्रच साजरा होतो.