आईला दिलेला शब्द

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीला संध्याकाळी आपण पाळणा हलवतो, सुंठवडा वाटतो आणि आनंदाने घरी जातो. पण आपल्या संप्रदायात अवतार एकदा झाला आणि संपला, असे नाही. अत्रि-अनसूयेच्या पोटी आलेले श्रीदत्तप्रभू कलियुगात पीठापूरला श्रीपाद श्रीवल्लभ म्हणून आले आणि पुन्हा कारंज्याला श्रीनृसिंह सरस्वती म्हणून आले. महाराजांचा काळ साधारण १३७८ ते १४५८ असा मानतात. पारायणात आपण त्यांचे चमत्कार भक्तीने वाचतो. मला मात्र वय वाढू लागले तसा त्या चरित्रात आईचा धागा जास्त दिसू लागला.

सुरुवात होते कृष्णेच्या बेटातल्या कुरवपूरला. अंबिका नावाची एक विधवा बाई, मुलगा मंदबुद्धी. लोकांची बोलणी ऐकून ऐकून मायलेक जीव द्यायला नदीवर गेले. श्रीपाद श्रीवल्लभांनी त्यांना अडवले, मुलाच्या मस्तकी हात ठेवून त्याला ज्ञानी केले. बाईने मागितले, की पुढच्या जन्मी तरी आपल्यासारखा जगद्वंद्य पुत्र मला व्हावा. त्यांनी तिला शनिप्रदोषाची शिवपूजा सांगितली. पण आपल्यासारखा दुसरा आणायचा कुठून? म्हणून स्वतःच तिच्या पोटी यायचे ठरले. म्हणजे बघा, हा अवतार आधी एका दुःखी आईला दिलेल्या शब्दासाठी झाला.

तीच बाई पुढल्या जन्मी कारंज्यात माधव ब्राह्मणाची पत्नी अंबा झाली. बाळ जन्मताच ॐकार बोलले आणि मग बोलेचना! घरात नरहरी म्हणत. सात वर्षे मुलगा मुका. आईवडिलांनी काय सोसले असेल, ते ज्याच्या घरी असे लेकरू आहे त्यालाच कळेल. नरहरीने खुणेने सांगितले, मुंज करा म्हणजे बोलेन. लोक हसले, पण माधवरावांनी मुंज केली. आईने पहिली भिक्षा घातली आणि मुलगा वेद म्हणू लागला.

आईचा आनंद किती टिकला? भिक्षा घालून होते न होते, तोच बटूने तीर्थयात्रेला जायची परवानगी मागितली. अंबामाता रडू लागली. नवसासायासाने झालेला, सात वर्षांनी बोलू लागलेला मुलगा, तो निघाला. इथे मला प्रश्न पडायचा, की देवच जर पोटी आला, तर आईला का रडवतो?

उत्तर पुढेच आहे. नरहरी न सांगता पळून गेला नाही. त्याने आईच्या मस्तकी हात ठेवून तिला पूर्वजन्माची आठवण दिली, श्रीपाद रूपात दर्शन दिले. तुला आणखी चार पुत्र होतील, असे सांगितले. तरी आईचे मन निघेना, म्हणून ती म्हणेल तितके थांबला. जुळी मुले झाली, ती काही महिन्यांची झाली, तेव्हा आई स्वतः हो म्हणाली. मगच तो निघाला, आणि तीस वर्षांनी भेटायचे वचन देऊन निघाला.

काशीला वृद्ध कृष्ण सरस्वतींकडून त्यांनी संन्यास घेतला. स्वतः अवतार असून गुरू केला, कारण मार्ग मोडायचा नव्हता, पुढच्यांना दाखवायचा होता. मग तीर्थयात्रा करीत ते कारंज्याला परत आले. तीस वर्षांचा शब्द पाळला. गावात ज्याने त्याने भिक्षेला बोलावले, तेव्हा महाराज अनेक रूपे घेऊन प्रत्येकाच्या घरी जेवले. आईवडील भेटले, भावंडे भेटली. बहीण रत्नाई हिला पुढे व्याधी झाली, तेव्हा ती गाणगापूरला गेली आणि महाराजांच्या आज्ञेने पापविनाशी तीर्थात स्नान करून बरी झाली. संन्याशाला घर नसते, पण शरण आलेल्याला त्यांनी दूर लोटले नाही.

पुढचे आपणा सर्वांना पाठ आहे. औदुंबरला चातुर्मास, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नरसोबाच्या वाडीला १२ वर्षे, आणि भीमा-अमरजा संगमावर गाणगापूरला सुमारे २३-२४ वर्षे. वाडीच्या गरीब ब्राह्मणाचा घेवड्याचा वेल उपटला आणि मुळाशी द्रव्याचा हंडा दिला. गाणगापुरी गरिबाची वांझ म्हैस दुभती केली. दिवाळीला सात गावच्या सात शिष्यांनी हट्ट धरला, तर सातही घरी गेले आणि मठातही राहिले. शेवटी श्रीशैल्याला कर्दळीवनात गेले, पण गाणगापुरास निर्गुण पादुका ठेवून गेले. निघतानाही मागे राहणाऱ्यांची सोय आधी.

बँकेत माझी चाळीसएक वर्षे देणे-घेणे लिहिण्यात गेली, म्हणून मला हे असे दिसत असेल. पण ज्याला कशाचेच देणे नाही, त्याने शब्दाचे देणे फेडण्यासाठी नऊ महिने गर्भवास घेतला आणि आईच्या होकारासाठी वाट पाहिली. अवतार म्हणजे वरून खाली येणे, असे आपण म्हणतो. इतके खाली येणे, की एका बाईचे अश्रू थांबेपर्यंत उंबरठ्यात थांबायचे!

आज आपल्यापैकी पुष्कळांची मुले पुण्या-मुंबईला, परदेशात आहेत. घर मोठे आणि पाने दोनच. अंबामातेने मुलाला अडवले नाही, मुलानेही शब्द विसरला नाही. दोघांकडून थोडे थोडे घ्यावे. यंदा पाळण्याची दोरी ओढताना अनसूयेबरोबर कारंज्याच्या त्या माउलीलाही एक नमस्कार करावा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.