सरखेल कान्होजी आंग्रे

बंगळूरच्या दक्षिणेस पठारावर वसलेले आनेकल समुद्रापासून कोसच्या कोस दूर आहे. अशा गावच्या शाळेतील मुलाने राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेचा गणवेश अंगावर चढवावा असे मनात आणले, तर घरच्या वडीलधाऱ्यांस कौतुकाबरोबर शंकाही वाटावी हे स्वाभाविक आहे. ज्याच्या कुळात कोणी होडीत बसले नाही, तो समुद्रावर काय करणार? ही शंका ज्यांस येईल त्यांनी कान्होजी आंग्रे यांचे चरित्र अवश्य पाहावे.

आंग्रे हे मूळचे दर्यावर्दी नव्हेत. त्यांचे कुळ पुणे प्रांतातील आंगरवाडीचे, मूळ आडनाव संकपाळ. पिता तुकोजी शिवछत्रपतींच्या आरमारात चाकरीस राहिले आणि त्यामुळे कान्होजींचे बाळपण सुवर्णदुर्गाच्या परिसरात, लाटांच्या सहवासात गेले. पुढे सिद्दीने त्या दुर्गास वेढा घातला असता किल्लेदार फितूर होऊ लागला. तेव्हा तरुण कान्होजींनी त्यास दूर सारून किल्ला राखला, अशी परंपरा सांगते. अधिकार हाती येण्यापूर्वीच त्यांनी जबाबदारी अंगावर घेतली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १६९८ मध्ये त्यांस सरखेल हे पद प्राप्त झाले.

तो काळ मोठा बिकट होता. मोगलांनी मुलूख तुडविला होता आणि समुद्रावर इंग्रज, पोर्तुगीज व सिद्दी आपापली सत्ता गाजवीत होते. पोर्तुगीज इतरांच्या गलबतांकडून परवान्याचा पैसा घेत. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्याने आपले दस्तक घ्यावे, असा कान्होजींचाही आग्रह होता. त्यांनी हे केले म्हणून इंग्रजांनी त्यांस चाचा ठरविले. एकच कृत्य आपण केले तर राज्यकारभार आणि दुसऱ्याने केले तर लूट, हा न्याय जगात नवा नाही.

कान्होजींची गुराबे व गलबते युरोपीय जहाजांहून लहान होती. भर समुद्रात तोफांची बरोबरी करणे शक्य नाही हे ओळखून त्यांनी उथळ खाड्यांचा आश्रय केला. वारा पडला की वल्ह्यांनी चालणारी गलबते गुराबांस ओढीत नेत आणि शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीस, जेथे त्याच्या तोफा थोड्या, तेथून मारा करीत. आपली उणीव प्रामाणिकपणे मान्य करणाऱ्यासच अशी युक्ती सुचते. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून याची खांदेरीवरील स्वारी फसली. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी एक होऊन कुलाब्यावर चाल केली, तीही व्यर्थ गेली. त्या प्रसंगी छत्रपतींची फौज कान्होजींच्या साहाय्यास धावून आली होती.

ती फौज का आली, यातच या चरित्राचे मर्म आहे. शाहू महाराज व ताराबाई यांच्या कलहात कान्होजी प्रथम ताराबाईंच्या पक्षाचे. १७१३ मध्ये त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस युद्धात कैद केले. त्या घटकेस साताऱ्यावर चालून जाण्याइतके बळ त्यांच्यापाशी होते. विजयी पुरुषास थांबविणे दुर्घट असते, परंतु बाळाजी विश्वनाथ बोलणे करावयास आले तेव्हा कान्होजींनी ऐकून घेतले. घरच्या भांडणात सिद्दी व फिरंगी यांचेच फावते, हे त्यांस पटले. त्यांनी शाहूंस छत्रपती मानले, पिंगळ्यांस मुक्त केले आणि सरखेलपद व किल्ले यांवरील आपला अधिकार मान्य करून घेतला. पराभवानंतर नमणारे पुष्कळ असतात, पण जिंकल्यावर तलवार म्यान करणे हे गीतेने वर्णिलेल्या धैर्याचेच लक्षण होय. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांच्यावर त्यांची श्रद्धा होती. मन आवरण्यास तेथून किती बळ मिळाले, हे कोण सांगणार?

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींनी देह ठेवला. अलिबागेस त्यांची समाधी आहे, आणि भारतीय नौदलाचे मुंबईतील एक ठाणे त्यांचेच नाव धारण करते. पण पित्याने आवरलेला कलह पुत्रांस आवरला नाही. ज्येष्ठ पुत्र सेखोजींच्या पश्चात संभाजी व मानाजी या बंधूंत फूट पडली आणि दौलत दुभंगली. पुढे तुळाजी आंग्रे व पेशवे यांचे वैर इतके वाढले की पेशव्यांनी इंग्रजांशीच हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले.