धार आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

मेकॅनिकलच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ड्रिल बिटचा पॉइंट अँगल विचारा. तो झोपेतही सांगेल, ११८ अंश. पण तोच बिट बोथट झाला तर त्याला पुन्हा धार कशी लावायची, असं विचारलं की वर्ग गप्प. पेपरात येत नाही ना! अशा वेळी मला लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर आठवतात. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती, पण हात होते आणि शिकायची जिद्द होती.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. जेम्स वॉट, एडिसन, फोर्ड हे सगळे शाळेतच भेटले. किर्लोस्कर हे नाव मात्र मी फक्त पंपाच्या प्लेटवर वाचलेलं. त्या प्लेटमागचा माणूस मला खूप उशिरा भेटला, म्हणून त्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. घरात शास्त्र-वेदान्ताचं वातावरण, पण मुलाचं लक्ष चित्रांत आणि यंत्रांत. थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे एक वेगळीच अडचण निघाली. त्यांना काही रंग नीट ओळखू येत नव्हते. चित्रकाराला रंगच दिसत नसतील तर काय करायचं? दुसरा कोणी असता तर गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी यांत्रिक ड्रॉइंगचा रस्ता धरला, कारण तिथे रंग लागत नाही, रेघ लागते. पुढे ते मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवू लागले. वर्कशॉपमधली यंत्रं त्यांनी तिथे जवळून पाहिली, हाताळली.

पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला आले. तिथे भावांचं सायकलचं दुकान १८८८ मध्येच सुरू झालं होतं. सायकल विकायची, दुरुस्त करायची आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायची. दुकानापासून पुढे छोटा कारखाना उभा राहिला. त्यात पहिल्यांदा निघालं ते कडबा कापायचं यंत्र, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

आता इथे थोडं थांबून धारेबद्दल सांगते. आमच्या नागपुरात उन्हाळा जवळ आला की घरोघरी कूलर उतरतात. स्टँडला भोक पाड, पत्रा बदल, क्लॅम्प लाव, म्हणजे ड्रिल मशीन बाहेर आलंच. इतवारीतून आणलेले नवे बिट दोन मोसमांत बोथट होतात. म्हणून आमच्याकडे आता छोटा इलेक्ट्रिक शार्पनर आहे. आत मोटर आणि लहानसं ग्राइंडिंग व्हील. बिट ठरलेल्या कोनात धरायला चक असतो. हलका दाब देऊन बिट फिरवायचा, मग अर्धा फेरा उलटवून दुसरी कड तेवढीच घासायची. कोनाची काळजी मशीन घेतं, पण समज आपली लागते. दोन्ही कडा सारख्या लांबीच्या झाल्या नाहीत तर भोक बिटापेक्षा मोठं पडतं. कडेच्या मागचा भाग थोडा उतरता नसेल तर बिट कापत नाही, नुसता घासतो आणि धूर काढतो. आणि जास्त दाबलं तर टोक तापून निळं पडतं.

हे निळं पडणं लक्ष्मणरावांच्या काळात फार महाग पडायचं. आपले आजचे बिट हाय स्पीड स्टीलचे, ते बऱ्यापैकी उष्णता सोसतात. हे स्टील १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात जगासमोर आलं. त्याआधी कार्बन स्टीलची हत्यारं असायची, ती तापली की त्यांचं पाणी उतरायचं. लेथवरचं हत्यार कारागिराने भट्टीत घडवायचं, पाणी द्यायचं आणि दगडावर घासून स्वतः धार लावायची. कोन डोळ्यांनी मापायचा. ज्याला धार लावता येत नाही त्याला लेथ चालवता येत नाही, असा सरळ हिशेब होता. अशा काळात बेळगावसारख्या गावी यंत्रं बनवायला घ्यायची, ही साधी गोष्ट नव्हती.

आणि बनवून भागत नव्हतं, विकायचीही होती. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली! तरी कारखाना तगला. तेवढ्यात नवीन वस्तीसाठी बेळगावची जागाच सोडावी लागली. म्हणजे रंग गेले, नोकरी गेली, आता पायाखालची जमीनही गेली.

या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं आणि आपल्या संस्थानात जागा देऊ केली. लक्ष्मणरावांनी रेल्वेच्या कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ निवडला. निवडुंग आणि साप, बाकी काही नाही. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. सोबतची माणसंही वेगळीच होती. रामूअण्णांनी गावाची आखणी केली. शिक्षण अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर झाले. दरोड्यात शिक्षा भोगलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग वाडीचे विश्वासू राखणदार झाले. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा नियम होता. मला हा भाग नांगरापेक्षाही मोठा वाटतो. समाजाने बोथट म्हणून टाकून दिलेल्या माणसांत त्यांना पोलाद दिसलं.

पुढे १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी झाली. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत मेकॅनिकल शिकून आला. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली, तिथे लेथ बनू लागले. ज्या देशात साधा नांगर बाहेरून यायचा, तिथे नांगर घडवणारी यंत्रंही बनू लागली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

आपल्यापैकी बरेच जण कॅम्पसमधून सॉफ्टवेअरला जातील, त्यात वाईट काहीच नाही. कोडिंगलाही हात लागतो. पण डिग्री हातात पडेल तेव्हा आपल्याला स्वतःच्या हाताने नेमकं काय येतं, हा प्रश्न मला हल्ली सतावतो. लक्ष्मणरावांना सर्टिफिकेट कोणी दिलं नाही, उलट असलेली जागाही नाकारली. त्यांची किंमत ठरली ती त्यांच्या यंत्राने कडबा कापला जातो की नाही, यावर.

बिटला धार लावताना थोडं पोलाद घासून जातंच, त्याशिवाय नवी कड निघत नाही. तर पुढच्या वर्कशॉपला नवीन बिट मागण्याआधी जुना हातात घ्या. गॉगल लावा, दोन्ही कडा मोजा, आणि व्हीलवर हलकाच टेकवा.