जिमी हेंड्रिक्स

गिटार शिकू लागलेल्या मुलाच्या कानी पहिल्या महिन्यातच एक नाव पडते, ते जिमी हेंड्रिक्सचे. त्याने भर मैफलीत गिटार पेटवून दिली, दातांनी तारा छेडल्या, वाद्य पाठीमागे धरून वाजवले, ह्या गोष्टी मुलांस तोंडपाठ असतात. पालकांसही बहुधा तेवढ्याच ठाऊक असतात, व म्हणून त्यांच्या कपाळास आठी पडते. परंतु त्या आगीपूर्वी हा मनुष्य सुमारे चार वर्षे दुसऱ्यांच्या मागे उभा राहून साथ करीत होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

त्याचा जन्म 27 नोव्हेंबर 1942 रोजी अमेरिकेतील सिअॅटल शहरी एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आईबापांचे पटत नसे; 1951 साली ती विभक्त झाली, आणि 1958 साली आई वारली. अशा घरात वाद्य कोठून येणार? पोरगा झाडूचा दांडा छातीशी धरून वाजविण्याचे सोंग करी. पुढे बापाबरोबर कोणाच्या घरातील अडगळ काढीत असता त्याला कचऱ्यात एक युकुलेली सापडली. तिला तार एकच होती. त्या एका तारेवर तो ऐकलेल्या चाली कानाने बसवू लागला. पंधराव्या वर्षी पाच डॉलरांस एक जुनी गिटार मिळाली. तो डावखुरा, म्हणून त्याने उजव्या हाताची गिटार उलटी धरली व तारा उलट क्रमाने चढविल्या. पुढे पैसा आला तरी ही रीत त्याने सोडली नाही. स्वरलिपी वाचण्यास तो कधीच शिकला नाही.

1961 साली चोरीच्या मोटारीतून हिंडताना तो पकडला गेला, आणि तुरुंग किंवा लष्कर ह्यांतून त्याने लष्कर पत्करले. शिपाई म्हणून त्याची कामगिरी सुमारच होती, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 1962 साली तेथून सुटका झाल्यावर त्याची खरी शाळा सुरू झाली. कृष्णवर्णीयांच्या नाट्यगृहांतून व रात्रीच्या क्लबांतून तो आयस्ली बंधू, लिटल रिचर्ड इत्यादी गायकांची साथ करीत गावोगाव फिरला. साथीदाराने नेमून दिलेला पोशाख घालावा, लय सांभाळावी व मुख्य गायकाहून अधिक चमकू नये, असा तेथील दंडक होता. जिमीस तो फार जाचला. परंतु त्याच्या हातास जे वळण लागले ते तेथेच, असे माझे मत आहे.

1966 साली न्यूयॉर्कमधील एका कॅफेत चास चँडलर ह्या इंग्रज वादकाने त्याला ऐकले व सप्टेंबरात लंडनला नेले. वर्षाच्या आत त्याचे नाव इंग्लंडभर झाले. 18 जून 1967 रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे ती पेटविलेल्या गिटारीची गोष्ट घडली. 1968 साली तो लंडनच्या ब्रुक स्ट्रीटवर राहावयास गेला. शेजारचे घर कोणाचे, तर हँडेलचे! 1741 साली 'मसाया' त्याच घरात रचला गेला. हे कळताच जिमीने हँडेलच्या तबकड्या विकत आणून ऐकल्या. आता त्या दोन्ही वास्तू मिळून एक संग्रहालय झाले आहे. 18 ऑगस्ट 1969 रोजी सकाळी वुडस्टॉक येथे त्याने आपल्या देशाचे राष्ट्रगीत गिटारीवर वाजविले, व मधेच तारांतून बाँबचे स्फोट ऐकविले. तेव्हा व्हिएतनामचे युद्ध चालू होते. शब्द एकही उच्चारला नाही, तरी सर्वांस कळावयाचे ते कळले.

ऑगस्ट 1970 मध्ये त्याने न्यूयॉर्क येथे स्वतःची ध्वनिमुद्रणशाळा उघडली. त्यास महिना होण्याच्या आतच, 18 सप्टेंबर रोजी, लंडनमध्ये झोपेच्या गोळ्यांच्या अतिरेकाने त्याचा अंत झाला. वय अवघे 27. पालकांस ज्याची धास्ती वाटते ते हेच, आणि ती धास्ती खोटी नाही. तरीही त्याची गाणी मी मुलांस शिकवितो.

आरंभ 'हे जो' ह्या गाण्यापासून करावा. ह्यात सी, जी, डी, ए, ई असे पाचच स्वरमेळ आहेत, आणि प्रत्येक मागच्याचा पंचम आहे. हार्मोनियमवर बोट ठेवून पाहा म्हणजे पटेल. गीत मूळचे त्याचे नव्हे. शब्द एका खुनाविषयी आहेत. तेव्हा तारा शिका, शब्द राहू द्या. त्यानंतर 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'. हे बॉब डिलनचे गीत; तीनच स्वरमेळ उतरतात व चढतात. 'रेड हाउस' मध्ये चार-चार ठोक्यांचे बारा खंड आहेत, व सारा व्यवहार षड्ज, मध्यम आणि पंचम ह्यांवर चालतो. लय घटवावयास ह्यासारखे दुसरे नाही. 'द विंड क्राइज मेरी' संथ आहे. घरातल्या भांडणानंतर ते रचले गेले, व सुमारे वीस मिनिटांत ध्वनिमुद्रित झाले.

मुलांची घाई मात्र 'पर्पल हेझ' साठी असते. त्यातील प्रसिद्ध स्वरमेळात कोमल व शुद्ध असे दोन्ही गंधार आहेत. आपल्या जोग रागातही दोन्ही लागतात, पण एकामागून एक. येथे ते एकाच झटक्यात वाजतात, म्हणून कानास चटका बसतो. ध्वनिवर्धक कितीही मोठा केला, तरी ती दोन बोटे नीट न पडल्यास नुसता गलका होतो.

सर्वांत शेवटी 'लिटल विंग'. जिमीचा पंजा मोठा होता. अंगठा दांडीवरून वळवून तो खर्जाची तार दाबी, व मोकळ्या राहिलेल्या बोटांनी स्वरमेळांच्या मधून चाल गुंफी. गायक व साथीदार एकाच हातात! गाणे अडीच मिनिटांचेही नाही. माझ्या एका विद्यार्थ्यास त्याची पहिली ओळ बसवावयास सारी दिवाळीची सुट्टी लागली, आणि नाताळात त्याने ती ध्वनिवर्धकाशिवाय वाजवून दाखविली.