बार्शी लाइट रेल्वेचे शिल्पकार : एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप

आपल्या जिल्ह्यातील येडशी, ताडवळे, ढोकी या बाजूच्या विद्यार्थ्यांपैकी ज्याने आपल्या आजोबांच्या तोंडून बार्शी लाइटचे नाव ऐकले नाही असा विद्यार्थी विरळा. ती लहानशी गाडी, तिचे अरुंद रूळ, चढावर तिचे ते धापा टाकणे, यांच्या गोष्टी घरोघर सांगितल्या जातात, आणि त्या बहुधा थट्टेच्या असतात. चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येई, असे सांगून वडील मंडळी हसतात. परंतु ही गाडी हळू का चालत असे, आणि हळू चालूनही एवढे ओझे कशी ओढीत असे, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. ज्या गृहस्थाने तो विचार आयुष्यभर केला, त्याचे चरित्र यंदाच्या अंकात द्यावे असे आम्ही योजिले आहे.

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप यांचा जन्म ३ मार्च १८५७ रोजी इंग्लंडातील लिंकनशायर परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. ते थोरले पुत्र होते. त्यांच्या धाकट्या भावांपैकी गाय कॅलथ्रॉप हे पुढे इंग्लंडातील एका मोठ्या रेल्वेचे जनरल मॅनेजर झाले. अपिंगहॅम येथील शाळेत शिक्षण संपल्यावर एव्हरार्ड यांनी कारखान्याची वाट धरली, आणि १८७४ साली क्रू येथील प्रसिद्ध रेल्वे कारखान्यात उमेदवारी पत्करली. १८७९ पासून ग्रेट वेस्टर्न रेल्वेत त्यांनी डबे बांधण्याचे काम पाहिले. म्हणजे इंजिन आणि डबा या दोन्ही अंगांचे ज्ञान त्यांनी हात काळे करून मिळविले होते. पुढील हकीकत समजण्यास ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

१८८२ साली ते हिंदुस्थानात आले व ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत इंजिनांचे निरीक्षक झाले. या रेल्वेचा मुख्य मार्ग मुंबईहून पुणे, सोलापूर असा रायचुराकडे जातो. त्यावरील ज्या स्थानकास आज आपण कुर्डुवाडी म्हणतो त्यास त्या काळी बार्शी रोड असे नाव होते. नावात बार्शी असली तरी प्रत्यक्ष बार्शी तेथून सुमारे २१ मैल दूर! बार्शी ही कापसाची मोठी पेठ. तेथील माल बैलगाड्यांत घालून स्थानकापर्यंत आणावा लागे. पावसाळ्यात काळ्या जमिनीतून भरलेली गाडी काढणे म्हणजे काय असते हे आपल्या शेतकरी पालकांस सांगणे नलगे.

असल्या पेठांना जोडणारे स्वस्त फाटे बांधावेत ही कल्पना कॅलथ्रॉप यांच्या मनाने येथेच घेतली. मोठ्या मापाचा मार्ग बांधावयाचा तर भरपूर भांडवल हवे, आणि तेवढी आवक लहान पेठेतून होत नाही. अरुंद मार्ग स्वस्त पडतो खरा, पण अरुंद मार्ग म्हणजे खेळण्यातली गाडी, तिच्याकडून मोठे ओझे कसले ओढवणार, असा जाणत्यांचाही समज होता. हा समज खोटा पाडणे हेच त्यांच्या पुढील दहा-बारा वर्षांचे काम झाले.

त्यांच्या युक्तिवादाचे मर्म आपल्याला पालखीच्या उदाहरणाने समजेल. पालखी जड असली तरी आठ खांद्यांवर सारखी वाटली तर एकाही खांद्यास दुखापत होत नाही. तीच दोघांच्या खांद्यावर आली तर दोघेही खाली बसतील. रुळाचेही तसेच आहे. रूळ मोडतो तो गाडीच्या एकूण वजनाने नव्हे, तर एका आसावर पडणाऱ्या भाराने. कॅलथ्रॉप यांनी ठरविले की, रूळ दर यार्डास ३० पौंड वजनाचा, म्हणजे फार हलका वापरावयाचा, दोन रुळांतील अंतर अडीच फूट ठेवावयाचे, आणि कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही. परंतु हे ५ टन मात्र इंजिनाच्या चालक आसांवर आणि भरलेल्या मालडब्यांच्या आसांवर सारखेच घ्यावयाचे. त्यापूर्वी इंजिन जड आणि डबे हलके अशी रीत असल्यामुळे रूळ इंजिनासाठी जाड घ्यावे लागत आणि डब्यांखाली त्यांची ताकद फुकट जाई. चार आसांचा डबा या हिशेबाने मालासकट २० टनांपर्यंत जाऊ शकतो. डब्याचा सांगाडा दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचा केला की त्याचे स्वतःचे वजन घटते व त्या २० टनांत मालाचा वाटा वाढतो.

आता इंजिनाकडे वळू. येथे विज्ञानाच्या तासाला मुले नेहमी विचारतात त्या प्रश्नाचे उत्तर आहे : गाडी जोरात निघावी आणि वेगानेही धावावी, अशी दोन्ही कामे एकाच यंत्राकडून का होत नाहीत? सायकलवर चढ चढताना मागचे दंतचक्र मोठे असेल तर पाय हलका चालतो, पण सायकल पुढे थोडी सरकते. सपाटीवर तेच चक्र असेल तर पाय भराभर फिरवूनही वेग येत नाही. आजकाल रस्त्यावर दिसणाऱ्या, गिअर बदलावा न लागणाऱ्या स्कूटरमध्ये ही अदलाबदल आपोआप होते. तिच्यात दोन कप्प्यांवरून एक पट्टा फिरतो. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या कप्पीतील लहान रोलर बाहेर सरकतात, कप्पीच्या दोन बाजू जवळ येतात, आणि पट्टा वर चढून प्रमाण बदलते. रोलर हलके घातले तर हा बदल उशिरा होतो, इंजिन अधिक फेऱ्यांवर राहते व गाडी चटकन उठते. जड घातले तर इंजिन सावकाश चालते, पण उठाव कमी होतो. थंड देशांत बर्फावर धावणाऱ्या मोटारगाड्यांतही हीच योजना असते. तेथील हौशी लोक कप्पीतील वजने, स्प्रिंगा आणि साखळीची दंतचक्रे बदलून आपल्या गाडीचा उठाव व वेग जमवीत बसतात.

वाफेच्या इंजिनाला मात्र गिअर नाही, क्लचही नाही. दट्ट्याचा दांडा थेट चाकाला जोडलेला. म्हणून चाकाचा व्यास हाच त्याचा गिअर, आणि तो कागदावर एकदा ठरला की ठरला. तोच दट्टा, तीच वाफ ठेवून चाक निम्मे केले तर ओढ दुप्पट होते, पण एक मैल जाण्यास दट्ट्यालाही दुप्पट खेपा घालाव्या लागतात. डाक गाडीच्या इंजिनाची चाके पुरुषभर उंच आणि मालगाडीच्या इंजिनाची लहान असत, त्याचे कारण हेच. चालकाच्या हाती राहते ते एवढेच : निघताना वाफ दट्ट्याच्या बहुतेक खेपेभर आत घ्यावयाची, आणि वेग आला की लिव्हर मागे घेऊन ती लवकर तोडावयाची, म्हणजे उरलेले काम वाफेच्या प्रसरणावर होते.

पण नुसती ओढ वाढवून भागत नाही. चाक रुळाला जितके धरून राहील तितकीच ओढ उपयोगी पडते. बाकीची ओढ चाक जागच्या जागी गरगर फिरविण्यात जाते. मग चालकाला रुळावर वाळू सोडावी लागते. कोरड्या रुळावर ही पकड चालक चाकांवरील वजनाच्या साधारण चौथाईइतकी असते. आता ५ टनांची मर्यादा पाळून दोनच आस चालविले तर वजन १० टन आणि ओढ अडीच टन. चार आस दांड्यांनी एकत्र जोडले तर वजन २० टन आणि ओढ ५ टन! म्हणून बार्शीच्या पहिल्या इंजिनांस आठ चाके एकत्र जोडलेली, आणि मागे पाणी-कोळशाचा भार पेलण्यास चार लहान चाके अशी रचना होती. ही इंजिने लीड्स येथील किटसन कंपनीने बांधली. शंभरास एक या चढावर प्रत्येक टनामागे १० किलो ओढ चढासाठी लागते. चाकांच्या घर्षणासाठी आणखी ४ किलो धरले, तर ५ टनांच्या ओढीत इंजिनासकट साडेतीनशे टन चढतात. हा हिशेब कागदावरचा आहे. दवाने ओलसर रुळावर त्यातील बरेच वजा करावे लागते. तरी खेळण्यातली गाडी म्हणणाऱ्यांस तो पुरेसा होता.

कॅलथ्रॉप यांनी वेगाचा मोह येथे जाणूनबुजून सोडला, असे माझे मत आहे. कापसाच्या गाठीला कसली घाई? बैलगाडीला जेथे दिवस लागे तेथे काही तासांत माल पोहोचला की व्यापाऱ्याचे काम झाले.

बार्शी लाइट रेल्वे कंपनी लंडनमध्ये स्थापन झाली व कॅलथ्रॉप तिचे सल्लागार इंजिनिअर झाले. डबे व इंजिन हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी त्यांनी लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग घालून तज्ज्ञ मंडळींस ती चालवून दाखविली. १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी मार्ग सुरू झाला. पुढे १९०६ साली तो पंढरपुरास पोहोचला आणि आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांची त्यावर रीघ लागली. दुसऱ्या बाजूस बालाघाट चढून, निजामाच्या राज्यात शिरून, येडशी, ताडवळे, ढोकी, मुरूड असे करीत १९११ साली तो लातुरास गेला. लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. धाराशिव शहर मात्र बाजूस राहिले. येथील लोकांस गाडी गाठावयाची तर येडशीपर्यंत जावे लागे, ही खंत जुनी माणसे अद्याप बोलून दाखवितात.

या योजनेत एक उणेही होते व ते लपविण्याचे कारण नाही. अरुंद डबा मोठ्या रुळावर जात नाही, आणि मोठा डबा अरुंद रुळावर येत नाही. म्हणून कुर्डुवाडीस प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. हमालीचा खर्च, वेळ, सांडलवंड, सारे आलेच. कॅलथ्रॉप यांनी या अडचणीवरही तोड काढली होती. इंग्लंडातील स्टॅफर्डशायरमध्ये १९०४ साली सुरू झालेल्या लीक व मॅनिफोल्ड या अरुंद मार्गासाठी त्यांनी सखल वाहक डबे योजिले. मोठ्या मापाचा भरलेला डबा जसाच्या तसा त्यांच्या पाठीवर चढवून न्यावयाचा. त्या मार्गावरील एका इंजिनास त्यांचेच नाव दिले होते. दूधदुभत्याच्या आवकेवर चालणारा तो मार्ग मोटारींच्या स्पर्धेत टिकला नाही व १९३४ साली बंद पडला.

त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध निराळ्याच विषयाने व्यापला. चार्ल्स रोल्स, ज्यांचे नाव रोल्स-रॉइस मोटारींत आहे, हे त्यांचे स्नेही. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे विमान कोसळून रोल्स मृत्यू पावले. स्नेह्याच्या या मृत्यूचा कॅलथ्रॉप यांच्या मनावर खोल परिणाम झाला, व वैमानिकास सुखरूप खाली आणणारी हवाई छत्री तयार करण्याच्या मागे ते लागले. त्या छत्रीस त्यांनी रक्षक देवदूत या अर्थाचे नाव दिले. उडी मारणाऱ्याच्याच वजनाने छत्री आपल्या पेटीतून ओढली जाऊन खात्रीने उघडावी, आणि उघडताना शरीराला हिसका बसू नये, यावर त्यांचा कटाक्ष होता. आसावरचा भार सारखा वाटणाऱ्या माणसाने येथे दोऱ्यांवरचा भार वाटला, असे म्हणावयास हरकत नाही.

ही छत्री लोकांस पटावी म्हणून १९१७ साली ऑर्ड-लीस नावाच्या अधिकाऱ्याने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी घेतली. पाण्यापासून उंची अवघी दीडशे फुटांच्या आसपास. हे ऑर्ड-लीस शॅकल्टन यांच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेत यांत्रिक घसरगाड्यांचे जाणकार म्हणून गेले होते. म्हणजे बर्फावर मोटार चालविण्याचे प्रयोग करणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी ते एक. त्या मोहिमेचे जहाज बर्फात चिरडले गेले, आणि ते जीव वाचवून परत आले होते. अशा माणसाला टॉवर ब्रिजची काय भीती!

एवढे होऊनही ब्रिटिश सैन्याने महायुद्धात आपल्या विमानचालकांस ती छत्री दिली नाही. ती जड आहे, पेटी विमानाला अडचणीची होते, अशी कारणे पुढे आली. छत्री जवळ असली तर चालक विमान लवकर सोडील, असेही काहींचे म्हणणे होते. शत्रूच्या मुलखात हेर उतरविण्यास मात्र ती १९१८ साली इटलीत वापरली गेली. त्याच वर्षी जर्मन वैमानिक आपल्या छत्र्या घेऊन उड्या टाकीत होते, आणि ब्रिटिश तरुण पेटलेल्या विमानात जळून मरत होते. कॅलथ्रॉप यांनी या कामात आपला पुष्कळ पैसा घातला होता. तो परत आला नाही. पुढे ब्रिटिश वायुदलाने छत्री घेतली ती अमेरिकन पद्धतीची.

घोड्यांचे, विशेषतः अरबी घोड्यांचे, त्यांना फार वेड. लंडनजवळ लाउटन येथील घरी ते घोडे पाळीत व त्यांची पैदास करीत. घोड्यास मारझोड न करता स्नेहाने कसे शिकवावे यावर त्यांनी १९२० साली एक ग्रंथही प्रसिद्ध केला. लोखंडात आयुष्य घालविलेल्या माणसाकडून अशा पुस्तकाची कोणी अपेक्षा केली नसती.

३० मार्च १९२७ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी बार्शी लाइट पंढरपुराहून मिरजेस जाऊन भिडली आणि तिची लांबी २०२ मैल झाली. १ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने ती विकत घेतली. अरुंद गाडी त्यानंतरही अर्धशतक धावली. २००७-०८ साली लातूर ते कुर्डुवाडी मार्ग मोठ्या मापाचा झाला, आणि या खेपेस तो वळवून धाराशिव शहराजवळून नेण्यात आला. आता धान्याचा भरलेला डबा लातुरास निघाला तर कुर्डुवाडीस त्यातील एकही पोते उतरवावे लागत नाही.