चित्रकार बाबूराव पेंटर

नाटकाची घंटा वाजते, दर्शनी पडदा वर जातो आणि प्रेक्षकांना राजवाड्याचा लांबच लांब दिवाणखाना दिसू लागतो. खांबांमागे खांब दूरवर गेलेले असतात. वास्तविक तेथे एक ताणून बांधलेले सपाट कापड असते. जवळचा खांब उंच व गडद, दूरचा आखूड व फिका, आणि साऱ्या रेषा एकाच बिंदूकडे धावणाऱ्या. एवढ्यावर डोळे फसतात. विसाव्या शतकाच्या आरंभी असे पडदे रंगविण्यात कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री यांचा हातखंडा होता. दोघे नात्याने भाऊ. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि तेच त्यांचे आडनाव झाले.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. घराणे कारागिरांचे. कोणत्याही कलाशाळेत न जाता ते चित्रे व मूर्ती घडविण्यास शिकले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला आणि या दोघा भावांना चलच्चित्राचा ध्यास लागला. छायाचित्रणाचे यंत्र आपणच बनवावयाचे असे त्यांनी ठरविले. परंतु १९१६ साली आनंदराव अकाली वारले. बाबूरावांचा उजवा हातच गेला! तरीही त्यांनी ते काम सोडले नाही. शिष्य दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली त्यांनी यंत्र पुरे केले. गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

आता खरी परीक्षा होती. त्या काळच्या फितीवर रंग उमटत नसत. इतकेच नव्हे, तर तांबडे लुगडे काळे दिसे आणि निळे आकाश पांढरे पडे. रंगांवर हुकमत असलेल्या चित्रकाराच्या हातून रंगच काढून घेतले गेले! उरल्या त्या रेषा, आकार आणि छायाप्रकाश. बाबूराव प्रसंग आधी कागदावर रेखाटीत. कोणत्या पात्राचा वेश कसा, त्याची हालचाल कशी, हे त्या रेखाटनांतच ठरे.

याहून अवघड गोष्ट पुढेच होती. ज्या पडद्यांनी त्यांना कीर्ती मिळवून दिली, ते यंत्रापुढे कुचकामी ठरत. रंगविलेल्या खांबामागे कोणाला लपता येत नाही, आणि त्याची सावली जमिनीवर पडत नाही. बाबूरावांनी आपली ती कला बाजूला ठेवली आणि पडद्यांऐवजी लांबी, रुंदी व खोली असलेले देखावे उभारण्यास आरंभ केला. अंगी असलेले कौशल्य असे सोडून देणे किती जणांना जमेल?

१९२० साली आलेला त्यांचा 'सैरंध्री' पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची ती कथा. तीत एक दृश्य आहे: अंधारात बुडालेली भकास झोपडी आणि रडणारे कुत्रे. चौकटीचा बहुतेक भाग काळोखाने भरलेला. मूकपट असल्याने कुत्र्याचा आवाज ऐकू येणे शक्यच नव्हते, तरी त्या घरावर कोसळलेले दुःख पाहणाऱ्याला कळे.

चित्रपटांची भित्तिपत्रकेही बाबूराव स्वतः रंगवीत. रस्त्याने जाणाऱ्याला क्षणभरच थांबावयाचे असते. म्हणून तेथे मुख्य आकृती मोठी हवी आणि तिच्याभोवती मोकळी जागाही हवी. जाहिरातीसाठी एवढे श्रम कशाला, असे त्या वेळी काहींना वाटले असेल.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आदी शिष्यांनी वेगळे होऊन प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूरावांची कंपनी पुढे बंद पडली. नंतर त्यांनी काही बोलपट केले. पण ते पुन्हा कुंचल्याकडे व मूर्तिकामाकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या बहुतेक मूकपटांच्या फिती आज उपलब्ध नाहीत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे भित्तिपत्रक मात्र राहिले आहे, आणि भारतातील सर्वांत जुन्या चित्रपट-भित्तिपत्रकांत त्याची गणना होते.